गजभिये काकांनी न लावलेला दिवा

गजभिये काकांना टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नाही. जयंतीच्या कार्यक्रमात नाही, पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगला नाही, माझ्या भाषणाला तर नाहीच नाही. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमध्ये, आम्ही नागपूर-भंडाऱ्याकडची काही कुटुंबं आणि माझ्यासारखे सुटे विद्यार्थी एका शाळेचा जेवणाचा हॉल रविवारी भाड्यानं घेऊन जमायचो. आधी वंदना, मग भाषण, मग पातेल्यांवरची झाकणं. तिथं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा लोक उभे राहिले होते. काका पहिल्या रांगेत दोन्ही हात मांड्यांवर पालथे टाकून बसले होते, एक्स-रे काढायला बसल्यासारखे. नंतर कागदी प्लेटमध्ये भात घेताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “जय भीम. चांगली बोलली. पण ‘सगळं विद्यापीठ रस्त्यावर उतरलं’ हे खोटं आहे. मी होतो तिथं. एका बसमध्ये मावले असते सगळे. दोन बस म्हण फार तर.”

तेव्हा आमच्या विद्यापीठानं दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीत गुंतवलेला पैसा काढून घ्यावा म्हणून आमची चळवळ चालली होती. थंडीत उभं राहून पत्रकं वाटून माझी बोटं फुटली होती. मी भडकले.

“काका, पत्रक आहे ते. पत्रकात असंच लिहितात.”

“मग दोन बस लिही.”

“दोन बसला कोण घाबरतं?”

“घाबरवायचं असलं तर फटाके उडव. लिहून काहून राह्यली मग?”

एवढं बोलून ते लोणचं शोधायला गेले.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वाक्यांना मुलायम कडा नसतात. थोर दिवंगत माणसाबद्दल लिहितात तसं मी काकांबद्दल लिहिणार नाही. एक तर ते हयात आहेत. दुसरं, मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे.

शामराव गजभिये हे बॉल बेअरिंगच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेले. बेल्टवरून आलेली वस्तू मापात आहे की नाही एवढंच दिवसभर ठरवायचं. मापात असली तर इकडच्या पेटीत, नसली तर तिकडच्या. फोरमन म्हणायचा, “सॅम, केसभर फरकानं काय होतंय?” काका म्हणायचे, केसभर फरक आहे, एवढंच होतंय. शामरावचा सॅम केलेला त्यांना चालला, पण केसभर चालला नाही. कारखान्यात त्यांना ‘मिस्टर नो’ म्हणत. काका घरी येऊन हे स्वतः सांगायचे, आणि त्यात चिडण्यासारखं काय आहे ते त्यांना खरोखरच कळायचं नाही.

घरात तेच. बरेच शनिवार-रविवार मी तिथंच मुक्कामाला असायची. त्यांची मुलगी मित्रा, चौदा-पंधरा वर्षांची, मराठी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तिच्याशी कॅरम खेळताना राणी भोकाच्या तोंडावर अडकली की ती फुंकर मारायची. काका राणी उचलून परत होती तिथं ठेवायचे. “बाबा, यू आर सो मीन!” म्हणून पोरगी पाय आपटत वर जायची. काका एकटे बसून तिची खेळी खेळायचे, मग स्वतःची, आणि ती जिंकली तर जिन्यातून ओरडून सांगायचे, “मित्रा, तू जिंकली बरं का!” अशा माणसावर नीट चिडताही येत नाही.

आइस हॉकीत ते शिरले ते मित्रामुळेच. ती लहानपणी स्केटिंग शिकायची आणि तिला सोडायला काका बर्फाच्या रिंकवर जायचे. तिथं पोरांच्या हॉकीच्या मॅचला एक जागा नेहमी रिकामी असायची. गोलच्या मागे, जाड काचेच्या बाहेर, कपाटाएवढं खोकं, त्यात एक स्टूल आणि एक बटण. त्या खोक्यात बसणाऱ्याला गोल जज म्हणतात. काळी रबरी चकती, तिला पक म्हणतात, ती गोलच्या लाल रेषेपलीकडे अख्खी गेली की बटण दाबायचं. वर लाल दिवा लागतो. रेषेला चिकटून राहिली तर नाही. अर्धी गेली तर नाही. बाकी काही करायचं नाही. ओरडायचं नाही, उठायचं नाही, टाळी तर अजिबात नाही. मरणाची थंडी, म्हणून गोऱ्या बापांपैकी कुणी तिथं बसत नसे. काका बसले आणि उठलेच नाहीत. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर. डाव्या हातात मोजा, उजवा उघडा. मोज्यातून बटण कळत नाही म्हणायचे. हिवाळाभर त्यांचा उजवा अंगठा वांग्यासारखा निळा असायचा.

लीलाकाकू शनिवारी दुपारी डबा देताना दारातून ओरडायच्या, “निघाले बघा, दिवे लावायला!” सगळ्या गल्लीत मराठी कळणारी आम्हीच, पण त्या ओरडायच्या अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा.

एकदा मी काकूंना स्वयंपाकघरात विचारलं, हे असे का? कारण नवऱ्याच्या मागे बायकोला विचारल्याशिवाय आपल्याकडे कुठल्याच पुरुषाचं काही कळत नाही. काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “यांना कुणी दिलेलं चालत नाही.”

भंडाऱ्याकडच्या शाळेत काका मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होते. गणिताचा मास्तर पेपर वाटताना यांच्यापाशी थांबला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, “गजभिये, मी मार्क घातले म्हणून पास झालास. दया आली तुझी.” वर्ग हसला. शामरावनं उभं राहून म्हटलं, गुरुजी, घातलेले काढा आणि माझे किती ते सांगा. मास्तर म्हणाला, माजलास. पेपर हातात दिला नाही. वर्षभर गावात जो भेटेल तो म्हणायचा, काय रे, दयेचा पास. पुढे हा माणूस इंजिनिअर झाला, नागपुरात पहिल्या वर्गात आला, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

“पास झाले असतील हो ते,” मी म्हटलं. “मास्तरानं मुद्दाम केलं असणार. जातीवरून.”

“मलाही तसंच वाटते,” काकू म्हणाल्या. “पण यांना अजूनही माहीत नाही ना. आपण पास झालो होतो का नव्हतो. झोपेत कधी कधी आकडेमोड करतात.”

ह्या मास्तरावर मी एक अख्खं पत्रक लिहू शकते. उपकार करून माणसाची कमाई पळवणारी ही जात आपल्याकडे शाळेशाळेत बसलेली आहे. आधी तुमचं घेतात, मग त्यातलंच थोडं तुम्हाला दया म्हणून देतात, आणि वर चारचौघांत पावती मागतात. पण हे पत्रक मास्तरावर नाही.

मग त्या हिवाळ्यात ती स्पर्धा आली.

आमच्या शेजारच्या गावातल्या रिंकवर चार देशांची छोटी स्पर्धा ठेवली होती. त्यात युरोपातला एक देश असा होता की नकाशात त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नाही, शेजारच्या देशाच्या अंगावर छापतात. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि त्या दुपारसाठी त्यांना पुन्हा कुणी ओळखावं असं मला वाटत नाही. त्या अख्ख्या देशात एकच रिंक होती. तिथं शनिवारी लहान पोरं आधाराला रबरी पेंग्विन धरून घसरायची, म्हणून राष्ट्रीय संघाला सरावाला पहाटेची वेळ मिळायची. संघात एक शाळामास्तर, एक दातांचा डॉक्टर, गॅरेजवाले दोन भाऊ. सगळे रजा टाकून आलेले. हॉटेलचा खर्च परवडणारा नव्हता, त्यामुळे खेळाडूंना घराघरांतून उतरवलं. गजभियांच्या वाट्याला पॉल आला.

पॉल पोस्टमन होता. तिशी ओलांडलेला, पुढचे दोन दात नसलेला, आणि इतका नम्र की काकू वाढत राहायच्या आणि तो नाही म्हणायला लाजत राहायचा. पाटवडीचा रस्सा खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो ‘गुड, गुड’ म्हणत नाक पुसायचा. ‘काकू’ हे त्यांचं नाव आहे असं त्याला वाटलं, म्हणून फोनवर बायकोला तो कौतुकानं ‘मिसेस काकू’ सांगत होता. त्याची पॅडं तळघरात घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ वाळायची. त्यांचा वास इतका जबरदस्त की काकूंनी उदबत्त्यांचा पुडा संपवला. मित्रा म्हणायची, “इट स्मेल्स लाइक अ डेड टेंपल.” पॉल सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

पहिल्या दोन मॅच ते हरले. हरले म्हणजे त्यांना तुडवलं. दोन्हींत त्यांचा एकही गोल नाही. शनिवारी संध्याकाळी जेवताना मित्रानं विचारलं, उद्याची शेवटची मॅच पण हरणार का? पोरांना असले प्रश्न पडतात. पॉल म्हणाला, हरणार तर आहोतच. उद्याचा संघ अशा देशाचा होता की जिथं पोरं चालण्याआधी स्केटिंग करतात.

“पण एक गोल पाहिजे,” पॉल म्हणाला.

त्यांच्या बरोबर संघटनेचा एक साहेब आला होता, उंटाच्या रंगाचा लांब कोट घालून हिंडायचा. तो हॉटेलात उतरला होता, त्याला परवडत होतं. विमानात बसण्याआधी त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, की एकही गोल न करता परत आलात तर वर मला तोंड दाखवता येणार नाही. मग पुढच्या वर्षीपासून संघ पाठवणार नाही. रिंकही आठवड्यातून दोन दिवस पोरांना देऊन टाकू.

काका जेवायचे थांबले. “एकच गोल? हरलात तरी?”

“हरलो तरी. शून्याच्या जागी एक. पेपरात आमच्या नावापुढं काहीतरी दिसलं पाहिजे.” मग पॉल हसला. “शून्य असलं की लोक विचारतात, हा देश आहे तरी का.”

मला ते फार लागलं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, हा कोण कोटवाला? तुम्ही सगळे मिळून नाही म्हणा, बहिष्कार घाला, मी पत्रक काढते. पॉलनं काकूंकडे मदतीसाठी पाहिलं. काका म्हणाले, “तिला भात वाढ.”

झोपायला जाताना त्यांनी रिंकच्या मॅनेजरला फोन केला. मॅनेजरचं नाव रॉय. काका म्हणाले, माझ्या घरी त्यांचा माणूस उतरलाय, उद्या मला गोलमागे बसवू नको. रॉय हसला असणार, कारण काकांचा चेहरा ओशाळला. फोन ठेवून म्हणाले, “म्हणतो, दुसरं कोण बसणार तिथं.”

रविवारची दुपार. मी, काकू आणि मित्रा खोक्याच्या अगदी मागच्या बाकावर. काकांची पाठ हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. बाजूच्या बाकांवर त्या छोट्या देशातून पूर्वी कधीतरी इकडे आलेली माणसं जमलेली. शिवलेले झेंडे, घरी विणलेले स्वेटर, आणि एक म्हातारी गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन आलेली. मॅचच्या तीन भागांपैकी पहिल्यात पॉलच्या लोकांनी पाच गोल खाल्ले. मधल्या भागात बाजू बदलून पॉलचा संघ काकांच्या पुढ्यातला गोल राखायला आला, आणि काकांचा निळा अंगठा पुनःपुन्हा खाली गेला. लाल दिवा, लाल दिवा, लाल दिवा. पॉलचे लोक दर वेळी वर दिव्याकडे पाहायचे आणि मग काचेतून काकांकडे. काकांनी नजर चुकवली नाही. म्हातारीची घंटा थांबली.

शेवटचा भाग. आता काकांच्या पुढ्यात दुसऱ्या संघाचा गोल होता. तेरा विरुद्ध शून्य. जिंकणारी पोरं आता मस्ती करत होती, एकमेकांना टाळ्या देत होती. संपायला थोडाच वेळ उरला असताना गॅरेजवाल्या भावांपैकी एकानं चकती पळवली आणि पॉलकडे सारली. पॉल एकटा. मी बाकावर चढले. त्यानं मारली, गोलरक्षकाच्या पायाला लागली, परत पॉलकडे, त्यानं परत ढकलली, आणि तेवढ्यात दोघं-तिघं त्याच्या अंगावर कोसळत गोलमध्ये घुसले. स्केटच्या पात्यांनी खरवडलेला बर्फ भसकन उडाला. सगळा ढीग रेषेवर पडला. चकती गोलरक्षकाच्या मांडीखाली कुठंतरी. पॉलनं पडल्या पडल्या दोन्ही हात वर केले.

दिवा लागला नाही.

घंटा वाजायला लागली होती, ती वाजता वाजता अडखळली. रेफरीनं शिट्टी मारली आणि खोक्याकडे आला. मी शपथेवर सांगते, तो हसत होता. जिंकणाऱ्यांच्या कप्तानानंसुद्धा काठी बर्फावर आपटून हातानं खूण केली, द्या हो, द्या. अख्खा हॉल ओरडत होता, गोल, गोल. सगळ्यांना द्यायचा होता तो गोल. तेरा गोल केलेल्यांना तर सगळ्यात जास्त द्यायचा होता, कारण त्यांना त्याची काही किंमतच नव्हती. रेफरी काचेच्या फटीशी वाकला आणि म्हणाला, “काय सॅम? आत ना?” तो जवळजवळ उत्तरच सांगत होता.

मित्रा किंचाळली, “बाबा, जस्ट प्रेस इट! प्लीज!”

मी ओरडले, “काका, दाबा! दाबा ना!”

काकू उभ्या राहिल्या आणि एकच शब्द म्हणाल्या. “अहो.”

काकांनी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांचा अंगठा बटणाच्या वर, टेकलेला नाही, दूरही नाही. मान हलली. नाही.

“नक्की?” रेफरीनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“मला आत दिसली नाही,” काका म्हणाले. “मला दिसल्याशिवाय दिवा लागत नाही.”

रेफरीनं दोन्ही हात आडवे फाकवले. गोल नाही. बाजूच्या बाकांवरून कॉफीचा एक भरलेला कप उडत आला आणि खोक्याच्या काचेवर फुटला. कुणीतरी ओरडलं, तुझ्या देशात बर्फ तरी आहे का रे? कुणी त्याहून वाईट ओरडलं, ते आम्हाला ह्या देशात नवं नाही. काका कॉफी ओघळणाऱ्या काचेतून खेळ बघत राहिले. मॅच संपेपर्यंत पुसली नाही. तेरा-शून्य.

पॉल संध्याकाळी सामान घ्यायला घरी आला. विमानतळावर जाणारी बस कोपऱ्यावर उभी होती. काकूंनी त्याच्यासाठी डबा बांधला होता. तो तळघरातून बॅग घेऊन वर आला आणि काकांच्या समोर उभा राहिला. काका खुर्चीतून उठले. दोघंही उंच नव्हते. मला वाटलं, आता मारतो.

पॉलनं विचारलं, “आत गेली होती का?”

आता बघा. इथं कुणीही माणूस ‘नाही’ म्हणाला असता. नाही गेली, बाबा, अर्धीच गेली होती, वाईट वाटतं. विषय संपला असता. पॉल आयुष्यभर म्हणाला असता, थोडक्यात हुकलं. काका म्हणाले, “बर्फ उडाला. त्यामागं काय झालं ते मला दिसलं नाही.”

“म्हणजे गेलीही असेल?”

काका म्हणाले, “असेल.”

पॉलचा चेहरा मी लिहू शकत नाही. त्यानं डबा घेतला, काकूंना थँक्यू म्हणाला, मित्राच्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी हात पुढं केला होता. पॉलनं तो पाहिला, आणि बॅग त्या बाजूच्या हातात घेतली.

दार लागल्यावर काकू बोलल्या. आवाज चढवला नाही. “दिवा नाही लावला, ठीक आहे. नाही दिसलं तर नाही दिसलं. पण नाही एवढं तरी म्हणायचं होतं ना त्याला. हे ‘असेल’ घेऊन तो कुठं जाईल? तुम्हाला माहीत नाही, हे घेऊन माणूस कसा जगतो?”

काका खाली बसले. मला वाटतं काकू बोलेपर्यंत त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. मास्तर त्यांना वर्गात जे देऊन गेला होता, तेच ते एका पोस्टमनच्या हातात ठेवून बसले होते. दयेनं नाही, प्रामाणिकपणानं. पण हातात पडलेली वस्तू तीच.

रॉयनं दुसऱ्या आठवड्यात खोक्याची किल्ली मागून घेतली. वर म्हणाला, “एक गोल होता रे, सॅम. कुणाच्या बापाचं काय जात होतं?” काकांनी किल्ली दिली. त्या देशाची जी माणसं आमच्या भागात होती त्यांच्यापैकी एक जण काकांच्या कारखान्यात स्टोअरला होता. त्यानं बोलणं टाकलं. त्याच्याकडूनच पुढं उडत उडत कळलं की कोटवाल्यानं शब्द पाळला. संघ बंद झाला. असली माणसं दिलेला शब्द अशाच वेळी पाळतात. पॉल आता नुसती पत्रं वाटतो.

मी काकांशी त्या हिवाळ्यात भरपूर भांडले. मी म्हणायची, नियम कुणी केले? ज्यांच्याकडे हजार रिंक आहेत त्यांनी. तेरा गोल खाल्लेल्याला एक शंकेचा फायदा द्यायचा नाही, हा कसला न्याय? काका म्हणायचे, “तो गोल दिलेला असता, बाई. त्याच्या पोरांनी विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?” मी म्हणायची, सांगितलं असतं की केला! तुम्ही मास्तरावरचा राग पॉलवर काढला. हे म्हटल्यावर मात्र ते चष्मा काढून स्वेटरला पुसायचे. मला आजही वाटतं, दाबायला हवं होतं. आणि आजही मी पत्रक लिहिताना ‘हजारो’ लिहिते, मग खोडते, मग किती बस ते आठवून बघते. हा त्या माणसानं मला लावलेला रोग आहे.

पुढच्या हिवाळ्यात मला न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, काम मिळालं. निघायच्या आदल्या दुपारी मी काकूंना भेटायला गेले. काका म्हणाले, “चल, थोडं काम आहे.” गाडी थेट रिंकवर नेली. रिंकच्या दारावर ह्या वर्षीच्या स्पर्धेचं पोस्टर होतं, तीनच झेंडे. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा म्हातारा काकांना ओळखत होता. त्यानं दार उघडलं आणि दुसरीकडे निघून गेला. आत कुणी नव्हतं. अर्धे दिवे बंद.

काकांनी खिशातून एक चकती काढली, मित्राची जुनी, आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, “गोलमध्ये जा. रेषेजवळ ठेव. कुठंही. मला दाखवू नको.”

खोक्याला कुलूप होतं. ते त्याच्या शेजारी, काचेला नाक लावून उभे राहिले. मी बुटांनी घसरत घसरत गेले. चकती ठेवली, बाजूला झाले.

“नाही,” काचेच्या फटीतून त्यांचा आवाज आला. बरोबर होतं, अर्धी रेषेवर होती.

परत ठेवली. “गेली.” बरोबर. परत. “नाही.” बरोबर. केसभर फरकानं ठेवली तरी चुकले नाहीत. मला हसू आलं. मग ते म्हणाले, “आता बर्फ टाक.”

यंत्रानं खरवडलेला बर्फ कडेला साचला होता. मी ओंजळीनं आणला. पाठ त्यांच्याकडे करून चकती ठेवली आणि वर भुसभुशीत ढीग ओतला, त्या दिवशी उडाला होता तसा. बाजूला झाले.

ते बघत राहिले. डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. गुडघ्यावर बसले. चष्मा काढला, मफलरनं पुसला, परत लावला. उजवा हात उघडाच होता, अंगठा किंचित वर उचललेला, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. त्यांच्या श्वासानं काच धुरकट व्हायची, ते बाहीनं पुसायचे आणि परत बघायचे. मी कुठं ठेवली होती ते मला माहीत होतं. माझ्या बोटांना अजून त्या जागेची थंडी लागलेली होती. माझ्याच्यानं राहवेना. मी तोंड उघडलं.

काकांनी काचेवर तळहात टेकला.

“सांगू नको,” ते म्हणाले. “परत ठेव.”